जगण्याचा अर्थ कुठे लागला? : अनुभव लिहावेत

व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) नाझी छळछावण्यांतून जिवंत परतले. अर्थाकडे नेणाऱ्या तीन वाटा त्यांनी सांगितल्या : हातून घडणारे काम, कुणावरचे प्रेम किंवा एखादा उत्कट अनुभव, आणि टाळता न येणाऱ्या दुःखासमोर आपण घेतलेली भूमिका. माणूस स्वतःला विसरून कशाकडे तरी किंवा कुणाकडे तरी वळतो तेव्हा अर्थ आपसूक लाभतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटते, तरी एक प्रश्न उरतो. स्वतःच्या आत काहीच न बदलता केलेली मदत खरोखर दुसऱ्यासाठी असते का? मोठ्या समाजकार्याची अपेक्षा नाही. आपली नजर ज्यामुळे बदलली तो प्रसंग लिहावा. सुरुवात मी करते.

आईला स्मृतिभ्रंश झाल्यावर पहिली दोन वर्षे मी तिच्या चुका सुधारण्यात घालवली. "हे अजून आले नाहीत का?" असे ती दिवसातून कितीदा तरी विचारी, आणि प्रत्येक वेळी मी बाबा जाऊन नऊ वर्षे झाल्याचे तिला सांगत असे. तिला ती बातमी दर वेळी नव्याने कळे आणि ती नव्याने रडे. आपण खरे बोलतो याचे मला समाधान होते; त्या खरेपणाची झळ कुणाला बसते आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही. एका सकाळी ती स्वेटरची बटणे लावत होती आणि वरचे बटण खालच्या काजात गेले होते. मी सवयीने हात पुढे केला, तो तिने हलकेच बाजूला सारला. मग मी नुसती बसून राहिले. तिने सगळी बटणे काढली, पुन्हा लावली, पुन्हा एक चुकले, पुन्हा काढली. माझी चुळबूळ होत होती, कामे खोळंबली होती, आणि तिची बोटे मात्र एकेक काज चाचपत शांतपणे खाली सरकत होती. ती घाई आईची नव्हे, माझी होती, हे मला तेव्हा प्रथमच दिसले. संध्याकाळी तिने बाबांबद्दल विचारले तेव्हा मी म्हटले, "तुला त्यांची आठवण येते ना? सांग मला." ती अर्धा तास बोलत होती.

*

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक म्हणून बसतो. विद्यार्थी सांगेल तेच आणि तसेच उतरवायचे, हा नियम ऐकायला सोपा आहे. पहिल्याच पेपरात समोरच्या मुलाने एक उत्तर चुकीचे सांगितले. मला बरोबर उत्तर ठाऊक होते आणि माझे पेन क्षणभर थबकले. ते थबकणे त्याने ओळखले असावे, कारण तो म्हणाला, "मी सांगतो तेच लिहा." पेपर संपल्यावर तो घाईने निघून गेला, आभाराचा शब्दही न बोलता. मला राग आला, आणि घरी जाताना त्या रागाचीच लाज वाटली. तीन तास मी त्याचा हात होण्यासाठी गेलो होतो. उपकारकर्ता होण्याची इच्छा मी गुपचूप सोबत नेली होती. आता पेपराआधी मी स्वतःला तेवढे एकदा तपासतो.

*

रुग्णालयात रात्रपाळी करते, म्हणून थोडक्यात लिहिते. औषध देण्यापूर्वी रुग्णाला नावाने हाक मारायची, हे मी स्वतः आजारी पडून खाटेवर झोपले तेव्हा शिकले. तिथे सगळे माझ्या खाटेचा क्रमांक म्हणत असत.

*

वरचे सगळे खरे आहे, पण दुसरी बाजूही मांडायला हवी. अनेक वर्षे मी कुणालाही नाही म्हटले नाही आणि मनातून कडवट होत गेले. मानसशास्त्रज्ञ नेट्टा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांच्या २०१० सालच्या अभ्यासात असे दिसले की मदत स्वेच्छेने केली तर करणाऱ्याला स्वतःलाही बरे वाटते, दडपणाखाली केली तर तसे होत नाही. आणि स्वेच्छेने केलेल्या मदतीचा लाभ ती घेणाऱ्यालाही अधिक होतो. ते वाचून मला रडू आले, कारण माझ्या मदतीतला कडवटपणा समोरच्यापर्यंतही पोहोचत असणार. मी बरीच कामे सोडली. दुखावलेल्या माणसांशी बोलणे फार अवघड गेले, आणि काही संबंध अजून पूर्ववत झालेले नाहीत. एक काम मात्र आपणहून ठेवले : डोळे अधू झालेल्या एका वृद्ध शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा वाचून दाखवणे. गेल्या वेळी दुसऱ्याच पानावर त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "आज तुमचा आवाज दमलेला आहे. पुस्तक मिटा, आज मी सांगतो, तुम्ही ऐका."