‘शुद्ध’ इंग्रजी म्हणजे नेमकं कुणाचं?

गोदाकाठी:
भाचीच्या शाळेच्या डायरीत शेरा आलाय: मातृभाषेचा प्रभाव जाणवतो, घरी इंग्रजीतच बोला. कारण काय, तर ती बाईंना म्हणाली, ‘टीचर, ही इज ट्रबलिंग मी ना!’ त्याच पानावर शाळेची सूचना: ‘पीटीए मीटिंग इज प्रीपोन्ड, काइंडली डू द नीडफुल.’ हे लंडनचं इंग्रजी आहे का? ऑफिसने लिहिलं की पत्रव्यवहार, पोरीने बोललं की दोष! भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरूंनी १९८५ साली इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. त्यात भारत दुसऱ्या वर्तुळात, म्हणजे बाहेरून आलेलं इंग्रजी जिथे स्वतःच्या वळणाने रुजलं तिथे. शाळांना हे वळण फक्त लेटरहेडवर चालतं.

अंबड_एमआयडीसी:
काचरू मुलाखत घ्यायला येत नाहीत, भाऊ. भरतीला मी बसतो. डिप्लोमाची पोरं मशीनवर वाघ, पण जर्मन कस्टमरचा कॉल आला की ततपप. फी भरतो ती नीट बोलायला शिकवा म्हणूनच. सिंगापूर सरकारने २००० साली चांगल्या इंग्रजीसाठी मोहीमच काढली, ती काय उगाच?

सिडकोवाली:
मोहीम काढूनही तिथलं सिंग्लिश, म्हणजे त्यांच्या वळणाचं इंग्रजी, कुठे गेलंय? आणि जर्मन कस्टमरचं म्हणाल तर ‘फॉर’ऐवजी ‘सिन्स थ्री इयर्स’ तेही म्हणतात, आपणही म्हणतो. कॉल छान चालतो! तुमची पोरं व्याकरणाने नाही, धास्तीने ततपप करतात. ती धास्ती याच शेऱ्यांनी बसते.

खडू_फळा:
मी इंग्रजी माध्यमात शिकवते. शेरा बाईंच्या मनचा नसतो हो, छापील नमुना वरून येतो, आम्ही फक्त टिक करतो. आणि प्रवेशाच्या वेळी ‘मुलं आपसात मराठी बोलत नाहीत ना?’ हे पालकच विचारतात. २००० पासून राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा इंग्रजी येतं एवढ्यावर आता कुणी वेगळं ठरत नाही. मग उच्चारावर भाव ठरतो. माझ्या वर्गात आजीच्या हातचा डबा आणणारी पोरं ‘भाकरी’ म्हणायला लाजतात.

अंबड_एमआयडीसी:
भाकरी म्हणू द्या की! पण पेपरात चुकलं तर मार्क कापणार ना?

गोदाकाठी:
कापा, लेखी पेपर आहे तो. मधल्या सुट्टीतल्या बोलण्यावर शेरा नको, एवढंच म्हणणं आहे. शनिवारच्या पालक सभेत मांडायला सांगतो ताईला.

खडू_फळा:
जरूर. फक्त सभा इंग्रजीत असते, तेवढी तयारी करून पाठवा.