ओटावाचा पंक्तिप्रपंच: तुमच्या पानात काय पडलं?

उत्तरेचा_यवतमाळकर
परवा बेसमेंट आवरताना २०१६ ची फाईल सापडली. आत नोकरी गेल्याचं पत्र, आणि बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला माझ्याच अक्षरात कॅनडातल्या बारा भागांची यादी. फाईल टाकून द्यायला वर आणली होती, तीन दिवस डायनिंग टेबलावरच पडून आहे.

मी तेव्हा अल्बर्टातल्या एडमंटनला पायपिंग डिझाइनर. तेल २०१४ च्या उन्हाळ्यात शंभर डॉलरच्या वर होतं, २०१६ उजाडलं तेव्हा तिशीच्या खाली. फेब्रुवारीत आमचा अख्खा मजला रिकामा झाला. मार्चच्या बजेटमध्ये ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, जाहीर केलं की ईआयचे, म्हणजे बेकारी भत्त्याचे, आठवडे वाढवून देऊ, पण देशातल्या १२ भागांनाच. कॅलगरी यादीत, उत्तर अल्बर्टा यादीत, एडमंटन नाही. बेकारी किती वेगाने वाढली त्याचं काहीतरी माप होतं, त्यात आमचा आकडा बसला नाही म्हणे. बायको म्हणाली, "आपण अल्बर्टात राहत नाही का?"

मग ३ मे ला उत्तर अल्बर्टातल्या फोर्ट मॅकमरेची आग. ऐंशी हजारांवर माणसं एका दिवसात बाहेर काढली. आमच्याकडे एक मराठी कुटुंब आलं, महिनाभर राहिलं. गाडीत काय काय घेऊन निघाले होते, तर पोरीचं दप्तर, कुकर आणि बाळकृष्ण. कुकरची शिट्टी घरीच राहिली होती. त्या गृहस्थांची नोकरी आधीच गेलेली, आता घराचाही पत्ता नाही, पण त्यांचा भाग यादीत. माझं घर शाबूत, मी यादीबाहेर. एकाच टेबलावर एकच वरण खात बसलेलो, आणि माझ्या मनात आलं, याला पाच आठवडे जास्त. लाज वाटली हो. आजही लिहिताना वाटतेय. मेच्या मध्यावर एडमंटनसकट आणखी तीन भाग यादीत घातले, म्हणजे धड चिडायचीही सोय राहिली नाही.

शेजारी एक म्हातारा आहे, युक्रेनियन वंशाचा, ऐंशीच्या दशकात त्याचं घर बँकेने घेतलं. तो कुंपणावरून म्हणाला, "आता झालास तू अल्बर्टन." आमचे बाबा पाटबंधारे खात्यात होते. 'अनुशेष' हा शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकलो. त्या दिवशी तो एकदम आठवला.

तर लिहा, केंद्राने तुमच्या भागाशी असा दुजाभाव कधी केला. पक्षाचा प्रचार नको, तुमच्या घरात काय झालं ते लिहा.

कॅलगरीची_काकू
आम्ही यादीत होतो तरी काही फार भलं झालं नाही, एवढंच सांगते. नवऱ्याला तेरा महिने काम नव्हतं. डाउनटाउनच्या उंच उंच इमारती रात्री काळ्या दिसायच्या. मी डबे सुरू केले. पहिलं गिऱ्हाईक कोण, तर ज्याने ह्यांना काढलं तोच मॅनेजर. त्यालाही काढलं होतं तोवर.

मिसिसागाकर
मी तुमचा तो 'ईस्टर्न बास्टर्ड', ज्याला अंधारात गारठू द्यायचं होतं 😄 रोज ४०१ हायवेवर दीड तास उभा असतो, लाड कुठे वाटतात ते दाखवा, मीही रांगेत लागतो.

उत्तरेचा_यवतमाळकर
@मिसिसागाकर हाहा, 'पूर्वेकडच्या हरामखोरांना अंधारात गारठू द्या' म्हणणारा तोच गाडीवरचा स्टिकर म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये अजून आहे! ऑक्टोबर १९८० मध्ये लिबरल पंतप्रधान पिएर ट्रुडोंचा नॅशनल एनर्जी प्रोग्रॅम आला, देशातल्या तेलाचा भाव जगाच्या भावाखाली बांधून ठेवला. म्हाताऱ्याच्या मते त्याचं घर त्या प्रोग्रॅमनेच खाल्लं.

आजोबा_विनिपेग
एनर्जी प्रोग्रॅम होताच, पण १९८१ मध्ये व्याजदर वीस टक्क्यांवर गेले होते तेही म्हाताऱ्याला विचारा. शिव्या द्यायला मात्र माणूस लागतो, व्याजदराला कोण शिव्या देणार.

आमच्या मॅनिटोबाचं दुखणं वेगळं. १९८६. सीएफ-१८ लढाऊ विमानांच्या देखभालीचं कंत्राट. विनिपेगच्या ब्रिस्टल एरोस्पेसची निविदा स्वस्त, तांत्रिक बाजूनेही सरस. कंत्राट मिळालं मॉन्ट्रियलच्या कॅनडेअरला. आणि तेव्हा सरकार लिबरलांचं नव्हतं बरं का, कॉन्झर्व्हेटिव्ह मल्रोनींचं होतं, पश्चिमेने भरभरून मतं दिलेलं. मी इथे आलो १९९४ ला. आमच्या शॉपमध्ये एक फोरमन होता, लंच ब्रेकला कुठलाही विषय काढा, हवामान काढा, हॉकी काढा, तिसऱ्या वाक्याला सीएफ-१८. कंत्राटाच्या पुढच्याच वर्षी, १९८७ ला, रिफॉर्म पार्टी निघाली, 'पश्चिमेला आत यायचंय' म्हणत. बाहेर पडायचंय नव्हे, आत यायचंय. हल्लीच्या पोरांना हे सांगावं लागतं.

मी_फक्त_वाचक
वाचतेय. पोळ्या लाटून येते.

दर्यावरची_सून
हॅलिफॅक्स. आमच्याकडे घर तापवायला फर्नेस ऑइल. टँकरवाला बाहेरच्या पाइपाला नळी जोडतो, आणि टाकी भरत असते तोवर आतून बारीक शिट्टी वाजत राहते. शिट्टी थांबली की टाकी भरली. पहिल्या हिवाळ्यात मी त्या शिट्टीबरोबर मनात डॉलर मोजायचे.

२०२३ च्या जुलैत त्यावर कार्बन टॅक्स लागला आणि ऑक्टोबरअखेर केंद्राने तीन वर्षांसाठी उठवला. फक्त तेलावरचा. गॅसवर घर तापवणाऱ्यांना काही नाही. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो, तेवढ्यात सास्काटूनहून मोठ्या जाऊबाईंचा फोन. नमस्कार नाही चमत्कार नाही, "तुम्हालाच थंडी वाजते का गं?" त्यात आमच्या अटलांटिकच्याच मंत्री गुडी हचिंग्ज टीव्हीवर म्हणाल्या की प्रेअरीतल्यांनी, म्हणजे अल्बर्टा, सास्काचेवान, मॅनिटोबावाल्यांनी, जास्त लिबरल निवडून द्यावेत, मग त्यांच्याशीही बोलू. मी कुठे म्हणाले होते? पण ऐकून घेतलं मीच.

सास्काटूनचा_गारठा
मीच ती मोठी जाऊ 😡 धागा नवऱ्याने पाठवला.
जानेवारीत उणे चाळीस होतं आमच्याकडे. गाडीला ब्लॉक हीटर लावा, नाकातले केस गोठतात, आणि बिलावर टॅक्स. आमच्या प्रांताने शेवटी २०२४ च्या जानेवारीपासून घरच्या गॅसवरचा टॅक्स गोळा करणंच बंद केलं. बरं केलं. २०२५ च्या एप्रिलपासून सगळ्यांचाच गेला म्हणा. पण ते वाक्य विसरणार नाही. मत देऊन ऊब विकत घ्यायची का?
आणि फोन उचलल्यावर मी आधी "जेवलात का" विचारलं होतं.

दर्यावरची_सून
नव्हतं विचारलं वहिनी.

कॅलगरीची_काकू
😂😂 घरचं भांडण घरी. सास्काटूनवाल्या ताई, तुमच्याकडे भाजणीला ज्वारी कुठे मिळते? इकडे दुकानात पिठं आहेत, दाणे नाहीत.

मॉन्ट्रियलमामी
सगळे आमच्याच नावाने बोटं मोडणार हे ठाऊक होतं, म्हणून आधीच लिहिते. गेल्या नाताळात कॅलगरीच्या एका पार्टीत एक साहेब पुरणपोळी खात खात मला म्हणाले, "तुमचं डेकेअर आमच्या तेलावर चालतं." माझ्या हातातली तुपाची वाटी हातातच राहिली.

अहो, अल्बर्टा सरकार क्युबेकला चेक लिहीत नाही. इक्वलायझेशन, म्हणजे कमी ऐपतीच्या प्रांतांना मिळणारे पैसे, केंद्राच्या तिजोरीतून जातं, त्या तिजोरीत मीही टॅक्स भरते. वर प्रांताचा टॅक्स असा की पगाराची स्लिप पाहून आईला वाटलं छपाईत चूक आहे. २०२४-२५ चे साधारण २५ अब्ज डॉलर, त्यातले १३ च्या वर आम्हाला, मान्य. पण डोकी मोजा. डोईमागे प्रिन्स एडवर्ड आयलंडला आमच्या दुपटीहून जास्त पडतं, त्यांना कोणी फुकटे म्हणत नाही, कारण ते बटाटे पिकवतात आणि गोड बोलतात.

आणि पंक्तिप्रपंच म्हणाल तर आमच्या लोकांचं म्हणणं असं की १९८२ ची घटना क्युबेकच्या सहीविनाच झाली. अजून सही नाही. ज्या फ्रेंच वर्गात मी जाते तिथली बाई 'कॅनडा' हा शब्द शेजारच्या सोसायटीचं नाव घ्यावं तसा घेते.

उत्तरेचा_यवतमाळकर
मामी, चेकचं तुमचं अगदी बरोबर. पण अल्बर्टाला हे पैसे शेवटचे मिळाले १९६४-६५ ला. २०१६ ला इथे माणसं घरं विकत होती तेव्हाही एक दमडी नाही. सूत्र प्रांताची कमाईची ऐपत बघतं, माझी नव्हे. डोक्याला कळतं, पोटाला कळत नाही. २०२१ ला प्रांतात सार्वमत झालं, जवळजवळ ६२ टक्के लोक म्हणाले घटनेतून हे कलम काढा. कलम आहे तिथेच आहे. मी 'हो' म्हटलं होतं, उपयोग नाही हे माहीत असून. बायकोने 'नाही' म्हटलं. घरात एकास एक.

बेटावरचा_बंड्या
मामी बटाटे काढू नका 🥔
आमचं गाऱ्हाणं पुलाचं. शार्लटटाउनला शिकत होतो तेव्हा आम्ही चौघं पोरं महिन्यातून एकदा पुलापलीकडे मंक्टनला जायचो, तूरडाळ, पोहे, गोडा मसाल्याला दगडफूल वगैरे. कॉन्फेडरेशन ब्रिज, १२.९ किमी. बेटावर येताना टोल नाही, निघताना ५०.२५ डॉलर. म्हणजे सासर, यायला फुकट, माहेरी जायला परवानगी. चौघांत वर्गणी काढायचो. एकदा एक जण ऐनवेळी आला नाही तर त्या महिन्यात दगडफूल रद्द.
आणि मॉन्ट्रियलचा नवा शॅम्प्लेन ब्रिज? केंद्राचाच. टोल शून्य. तिथे मतदारसंघ किती आणि आमचे किती. आमचे खासदार सगळे मिळून चार. २०२५ च्या ऑगस्टपासून टोल २० वर आला. मी तोवर बेट सोडलं होतं. टिपिकल.

पाऊसवेडा
चार कमी वाटतात का रे?? तुमच्या अख्ख्या बेटाची वस्ती आमच्या एका उपनगराएवढी. सिनेटमध्येही तुमचे चार. आम्ही ब्रिटिश कोलंबियात पन्नास लाखांवर, सिनेटर सहा. न्यू ब्रन्सविक आठेक लाख, सिनेटर दहा. कुणी ठरवलं, तर जुन्या काळी, तेव्हाची माणसं बघून.
मतमोजणीचंही तेच. पॅसिफिक वेळेनुसार साडेचार वाजता तिकडे अटलांटिकची मोजणी सुरू होते, आमचे लोक ऑफिसातून निघालेलेही नसतात. मी एकदा रांगेत उभा असताना पुढचा माणूस फोन बघून म्हणाला "झालं म्हणे", आणि घरी गेला.

कॅलगरीची_काकू
@पाऊसवेडा तुम्ही आमच्या तेलाची ट्रान्स माउंटन पाइपलाइन अडवली नसती तर सहानुभूती दिली असती 😏

पाऊसवेडा
केंद्राने २०१८ ला साडेचार अब्जांना विकत घेतली, खर्च ३४ अब्जांपर्यंत नेला, मे २०२४ ला सुरू केली. पैसे सगळ्या देशाचे. तेल सांडलं तर किनारा आमचा. यात नक्की लाड कुणाचे झाले काकू?

कॅलगरीची_काकू
यावर उद्या बोलते. डबे भरायचेत.

सांगलीचा_हळद्या
मूळ धाग्यात 'अनुशेष' वाचून राहवलं नाही. म्हणजे आता पश्चिम महाराष्ट्राने कॅनडातपण यवतमाळचं पाणी पळवलं का? 🙏

वऱ्हाडी_टोरांटो
पळवलंच हाये ना बाप्पा. १९५३ चा नागपूर करार वाचा, १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल वाचा. मंग बोला.

सांगलीचा_हळद्या
आमच्या जतला अजून टँकर येतो राव. पश्चिमेलाही पश्चिम असते.

उत्तरेचा_यवतमाळकर
दोघांनी हात जोडा. हा धागा त्यासाठी नाही. (हळद्या, जतचं माहीत आहे. बाबांची दोन वर्षं बदली होती तिकडे.)

कॉडखाऊ
सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड. उशीर झाला, नाइट शिफ्ट होती.
इथे घरमालकाला भाडं द्यायला गेलं की चहा आणि चर्चिल फॉल्स दोन्ही घ्यावं लागतं. १९६९ चा करार. लॅब्राडॉरच्या धबधब्याची वीज क्युबेकला, युनिटला जेमतेम पाव सेंट, २०४१ पर्यंत. क्युबेक पुढे महाग विकतं. त्याचं म्हणणं, क्युबेकमधून तारा न्यायची वाट ओटावाने काढून द्यायला हवी होती, तिकडची मतं जातील म्हणून दिली नाही. मग १९९२ ला कॉडची मासेमारी बंद केली, तेव्हा त्याची बोट गेली. बोटीचं नाव अजून दारावर पाटी करून लावलंय. फ्रीजवर एक कागद आहे, २०४१ लिहिलेला, खाली त्याचं तेव्हाचं वय, ९३.
डिसेंबर २०२४ ला क्युबेकशी नव्या कराराची बोलणी जाहीर झाली तेव्हा मला वाटलं खूश होईल. कागद काढला का विचारलं, तर म्हणे, "सह्या वाळू देत."

मॉन्ट्रियलमामी
त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. खरंच. माझं विजेचं बिल इतकं कमी का येतं ते मी कधी विचारलंच नव्हतं.

मिसिसागाकर
हे वाचून माझं ४०१ चं दुःख मागे घेतो. तसं ओंटारिओनेही २००९ पासून दहा वर्षं इक्वलायझेशन घेतलंय, तेव्हा आम्ही कुणी बोललो नव्हतो, गपचूप खाल्लं 🙈

मी_फक्त_वाचक
पोळ्या झाल्या. यवतमाळकर, ते फोर्ट मॅकमरेचं कुटुंब नंतर कुठे गेलं? घर वाचलं का त्यांचं?

उत्तरेचा_यवतमाळकर
घर वाचलं, पण धुराचा वास जाईना. जूनमध्ये परत गेले, पुढच्या वर्षी विकून ओंटारिओला. कुकर आमच्याकडेच विसरले. शिट्टी मी कॅलगरीहून मागवून बसवली होती, आम्हीच वापरतोय.

सास्काटूनचा_गारठा
@कॅलगरीची_काकू ज्वारी इथल्या इथिओपियन दुकानात मिळते, तुमच्याकडेही असेलच एखादं. लाल असते, भाजणी जरा काळपट होते, चव छान.
@दर्यावरची_सून फोन कर.