मदत हवी आहे: दावीदाचे सिकलाग नकाशावर कुठे दाखवावे?

नमस्कार मंडळी,

आमच्या चर्चच्या अभ्यासवर्गासाठी १ शमुवेलातल्या गावांचा नकाशा करते आहे. गथ, लाखीश, हेब्रोन यांच्या जागा पटकन मिळाल्या. सिकलागवर मात्र घोडे अडले आहे.

राजा शौलाला चुकवून दावीद पलिष्ट्यांकडे गेला तेव्हा गथचा राजा आखीश याने त्याला हे गाव दिले (अध्याय २७). पुढे अमालेक्यांनी ते जाळले आणि बायकापोरे धरून नेली (अध्याय ३०).

वाचनात तीन जागा आल्या (नावातले ‘तेल’ म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड). एक लहाव किबुत्झजवळचे तेल हलीफ. दुसरी बैर-शेबाच्या वायव्येला असलेले तेल सेरा, जिथे १९७०च्या दशकात एलिएझर ओरेन यांनी उत्खनन केले. तिसरी जागा किर्यात गत आणि लाखीश यांच्या मधली, खिर्बेत अर-राई. हेच सिकलाग, असे पुरातत्त्वज्ञ योसेफ गार्फिंकल आणि सहकाऱ्यांनी जुलै २०१९ मध्ये जाहीर केले. तिथे खाली इ.स.पू. बाराव्या-अकराव्या शतकातली पलिष्टी वस्ती आहे, तिच्यावर दहाव्या शतकाच्या सुरुवातीचे खेडे, तेही आगीत गेलेले. त्यात जवळपास १०० अखंड मडकी-रांजण मिळाले, तेला-द्राक्षारसाच्या साठवणीचे. वाचताना अंगावर काटा आला. पण जळालेला थर सापडला म्हणून आग अमालेक्यांनीच लावली असे कसे म्हणायचे? त्या काळी गावे जळतच होती.

शिवाय यहोशवा १५ मधली यहूदा वंशाच्या गावांची यादी काढून पाहा. सिकलाग ३१व्या वचनात, पार दक्षिणेकडच्या, अदोमच्या सीमेकडल्या गावांत येते. लाखीश येते ३९व्या वचनात, तळवटीच्या वेगळ्या यादीत. मग लाखीशच्या शेजारचे गाव दक्षिणेच्या यादीत कसे गेले?

अंतरांनी तर डोके आणखी भंडावले. दावीदाची माणसे अफेकहून, म्हणजे पलिष्टी सैन्य जमले होते तिथून, निघून तिसऱ्या दिवशी सिकलागला पोचली. अफेक ते खिर्बेत अर-राई सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटर, तेल सेरा ८०च्या आसपास. चालीचा विचार केला तर पहिले सोपे. पण गाव जळालेले पाहून, रडून रडून त्राण गेल्यावर तीच माणसे पाठलागावर निघतात आणि बसोर ओहोळापाशी ६०० पैकी २०० जण थकून मागे राहतात. बसोर म्हणजे आजचा नहाल बसोर धरला, तर तो खिर्बेत अर-राईपासून फार लांब पडतो. तेल सेरा ज्या नहाल गरारच्या काठी आहे, तो पुढे बसोरलाच मिळतो. माझा कल म्हणून तेल सेराकडे आहे.

जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. यहोशवातल्या यादीचा हा अडथळा गार्फिंकल यांच्या बाजूचे अभ्यासक कसा सोडवतात? आणि बैर-शेबा, दिमोना भागात राहणारे आपले बेने इस्राएल बांधव इथे असतील तर, तेल सेराहून बसोरकडे जाताना जमीन कशी आहे, सपाट की ओघळींची? तिथले फोटो असल्यास जरूर टाका.