मदत हवी: इन्सुलिनचे नॅनोकण, एंट्रॅपमेंट (कणांत अडकलेलं इन्सुलिन) ९१ टक्के पण आम्लात १५ मिनिटांत सगळं बाहेर

फोंडा_एमफार्म
आयोनिक जिलेशन (विरुद्ध भाराचे पदार्थ जोडून कण बनवणं) करतोय. कायटोसान (धनभारित पॉलिमर) २ मिग्रॅ/मिली, १० मिली, १ टक्का ॲसेटिक आम्लात. त्यात इन्सुलिन ४ मिग्रॅ, मग पीएच ५.३ वर आणला. वरून टीपीपी (ट्रायपॉलिफॉस्फेट, कायटोसानला बांधणारं ऋणभारित मीठ) १ मिग्रॅ/मिली, ४ मिली, थेंबथेंब. सेंट्रिफ्यूजनंतर वरचं पाणी एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजून एंट्रॅपमेंट ९१ टक्के. साइज ७८० नॅनोमीटर, पीडीआय (कणांच्या आकारातली तफावत) ०.६. पीएच १.२ मध्ये (जठरासारखं आम्ल) सगळं लगेच सुटतं. गाइड म्हणतात टीपीपी वाढव, पण वाढवलं की बीकरात नुसत्या गुठळ्या. काय करू?

मांडवीकाठ
टीपीपी राहू दे, पीएच बघ. इन्सुलिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट ५.३च्या आसपास. तिथे त्यावर निव्वळ भार नसतो, त्यामुळे ते कायटोसानला धरत नाही, स्वतःच साका होऊन बसतं. हा साका कणांबरोबर तळाला जातो आणि हिशेबात 'अडकलेलं' म्हणून लागतो. खात्री हवी तर कायटोसान वगळून बाकी सगळं तसंच करून फिरव. वरच्या पाण्यात इन्सुलिन कमी भरलं, तर ९१ मधलं बरंच खोटं.

कायटोसान ०.४५ मायक्रॉनमधून गाळून पीएच ५.८-६ ला आण. ६.५ च्या वर गेलास तर तेच बाहेर पडतं. इन्सुलिन १ मिली ०.०१ नॉर्मल कॉस्टिक सोड्यात विरघळवून टीपीपीत मिसळ आणि लगेच वापर, अल्कलीत ठेवलं की खराब होतं. मॅग्नेटिक स्टररवर हळू ढवळ. फेस आला की इन्सुलिनचे तंतू होतात.

म्हापसा_क्यूसी
आम्लाचं दुखणं मात्र यानेही जाणार नाही. पीएच १.२ ला टीपीपीवरचा ऋणभार जवळपास संपतो, गाठी सुटतात, कण विरघळतो. ५ टक्के ट्रेहलोज (एक साखर) घालून फ्रीझ-ड्राय कर (गोठवून सुकव) आणि युड्राजिट एल१०० (आम्लात न विरघळणारं आवरण) चढवलेल्या कॅप्सूलमध्ये भर, ती पीएच ६ च्या वर उघडते. व्हायलचं बूच फ्रीझ-ड्रायरच्या चेंबरमध्येच बसव. आपल्याकडच्या पावसात उघडा केक (सुकलेला गोळा) बघता बघता चिकट होतो.

फोंडा_एमफार्म
पुढच्या बॅचला फार्मसीतली ४० आययूची (मिलीला ४० युनिट) व्हायल चालेल?

म्हापसा_क्यूसी
नको रे. तिच्या १ मिलीत इन्सुलिन १.४ मिग्रॅ, पण मेटाक्रेसॉल (टिकवणारं द्रव्य) त्याहून जास्त. यूव्हीवर २७६ नॅनोमीटरला दोन्ही एकत्रच दिसतात. शिवाय झिंक असतंच. शुद्ध पावडरच घे.