थंडीतले मऊ फोटो : आधी लेन्स गार होऊ द्या

पहाटे काढलेले पक्ष्यांचे फोटो मऊ, म्हणजे किंचित धूसर येतात म्हणून लगेच लेन्स बदलायची घाई नको. रात्रभर उबदार खोलीत असलेली लेन्स थेट गारठ्यात काढली, की हुडमध्येच (लेन्सच्या तोंडावरच्या नळीसारख्या झाकणात) गरम आणि गार हवा घुसळते. मग फोकस अचूक असूनही ५०० मिमीच्या लांब पल्ल्यावर पिसांचे तंतू विरघळल्यासारखे दिसतात. हुड काढून लेन्स अर्धा तास आधीच बाहेर ठेवा. गाडीतून टिपणार असाल तर हीटर बंद, काच पूर्ण खाली.

वटवट्यासारखा चिमुकला पक्षी तर क्षणभरही एका फांदीवर टिकत नाही. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नकोच. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० झाला तरी चालेल, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सुधारत नाही.

परतल्यावर बॅगेची चेन दाराबाहेरच लावा आणि आत तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सच्या काचेवर बाष्प धरतं.