अनुभव धागा : गेममध्ये वेचलेले सूर

परभणीहून, धागा सुरू करते

उड्या मारत पुढं जायच्या गेममध्ये काही ना काही वेचायचं असतंच. नाणी, फळं, हिरे. पण काही गेममध्ये वेचायची वस्तू म्हणजे सूरच असतो. कुठं तो संगीताच्या चिन्हाच्या रूपात हवेत तरंगतो, कुठं दिसायला साधं नाणंच असतं, पण हात लागला की बोलतं. 'सुपर मारिओ ६४' मधली आठ लाल नाणी आठवा. प्रत्येक नाण्याचा आवाज आधीच्यापेक्षा वरचा. किती झाली हे पडद्यावर बघावं लागत नाही, कानाला कळतं.

मला वाटतं, या वस्तू आपण डोळ्यांपेक्षा कानानं जास्त वेचल्या. आणि ज्या घरात एकादशीला पेटी-पखवाज निघतो, त्या घरातल्या लेकरांनी त्या वेगळ्याच ऐकल्या असणार. म्हणून मराठवाड्यातल्या सगळ्यांना बोलावतेय. गेमचं नाव सांगा, कुठं आणि कसा खेळलात ते सांगा, आणि नेमकं काय ऐकू आलं तेही लिहा. नुसतं 'म्युझिक लई भारी' एवढ्यावर सोडू नका.

जालन्याहून

आमच्याकडं कॅसेटवाला टीव्ही गेम होता आणि त्यात मारिओ, १९८५ चा पहिला. त्याच्या नाण्याचा आवाज नीट ऐका. तो एक स्वर नाही, दोन आहेत. पहिला अगदी आखूड, दुसरा लांबलेला. काका गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मी खेळायलो होतो आणि ते जेवत होते. हात धुतले आणि सरळ पेटी काढून बसले. पहिल्या स्वराला सा धरला तर दुसरा शुद्ध मध्यम. सा-म. त्यानंतर मी नाणं घेतलं की आतल्या खोलीतून काकांचं 'सा-म' यायचं.

दुसरी गोष्ट पुढं इलेक्ट्रॉनिक्स शिकताना कळली. तो गेम ज्या मूळ निन्टेंडो मशीनसाठी होता, त्याच्या चिपमध्ये आवाजाचे पाचच मार्ग होते. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांचा. नाण्यासाठी राखीव असा मार्ग नव्हताच. नाणं वाजलं की चालू धुनेतला एक आवाज तेवढ्यापुरता थांबायचा आणि ती जागा नाणं घ्यायचं. ओळीनं नाणी घेताना धून पातळ होते ती यामुळंच. गेम माझ्या इतका अंगवळणी पडला होता, तरी हे कळल्यावर मी तो नव्यानं ऐकला.

नांदेडहून

'बँजो-काझूई'शिवाय हा धागा पूर्ण व्हायचा नाही. रेअर कंपनीचा १९९८ चा गेम, मूळ निन्टेंडो ६४ वरचा. एक अस्वल आणि त्याच्या पाठीवरच्या पिशवीत बसलेली पक्षीण. नऊ जगं, प्रत्येक जगात सुरांची १०० सोनेरी चिन्हं, एकूण ९००. या जगांकडं जायचं ते गेममधल्या चेटकिणीच्या वाड्यातून. तिथं दारं आहेत आणि दारांवर आकडे. पहिल्याला ५० सूर लागतात, पुढच्याला १८०, मग २६०. तेवढे जमले असतील तरच दार उघडतं.

मूळ गेमचा नियम कडक होता. जगातून बाहेर पडलात किंवा मेलात, की तिथले सगळे सूर परत जागच्या जागी. तुमचा सगळ्यात मोठा आकडा नोंदलेला राहायचा, पण तो वाढवायचा तर पुन्हा पहिल्यापासून वेचा. २००८ साली हा गेम एक्सबॉक्स ३६० या मशीनवर आला तेव्हा तो नियम काढून टाकला. वेचलेला सूर कायमचा तुमचा. मामेभावानं पुण्याहून आणलेल्या ३६० वर मी असाच खेळलो. २०२२ मध्ये मूळ आवृत्ती निन्टेंडोच्या स्विच मशीनवर आली आणि तिथं जुना नियम जसाच्या तसा सापडला.

दोन्ही खेळून झाल्यावर मी जुन्या नियमाच्या बाजूनं आहे. 'रस्टी बकेट बे' हे गंजक्या जहाजाचं जग. त्यातल्या इंजिनरूममध्ये अरुंद फिरत्या लोखंडावरून जायचं, खाली पडलं की मेलंच. तिथले सूर आधी आणायचे आणि मोकळ्या धक्क्यावरचे सोपे सूर मागं ठेवायचे, म्हणजे मेलं तरी थोडंच जातं. हा हिशेब नव्या आवृत्तीत कुणाला करावाच लागत नाही. आमच्याकडं भारनियमनात वाढलेल्या लेकरांना तो आधीच येत होता. कॅसेटच्या गेममध्ये सेव्ह करायची सोय नसायची, लाइट गेली की सगळं गेलं. दुपारी लाइट जायच्या आत काय उरकायचं आणि काय उद्यावर टाकायचं, हे आम्ही असंच ठरवायचो.

आणि संगीत! ग्रँट कर्कहोप यांचं. चेटकिणीच्या वाड्यात फिरताना चाल एकच असते, पण ज्या जगाच्या दाराजवळ जाल तिथली वाद्यं तिच्यात शिरतात आणि आधीची मागं पडतात. एकाच अभंगाची चाल दिंडीगणिक वेगळी लागते, तसंच. दार दिसायच्या आधी पुढं बर्फ आहे की दलदल, ते मला कानानं समजायचं.

हिंगोलीहून

नांदेडच्या दादांचं पटलं नाही. शेतातून आल्यावर ज्याला रात्री अर्धा तास मिळतो, त्यानं ९० सूर गमावले तर त्याचा तो दिवसच गेला. माझ्यासाठी २००० सालचा 'बँजो-टूई' बरा. त्यात सूर पाच-पाचच्या घरट्यात असतात आणि प्रत्येक जगात वीस सुरांचं एक मोठं चिन्ह. सोळा घरटी आणि ते एक, झाले शंभर. वेचले की वेचले. शिवाय ठरावीक सूर जमले की गेममधला एक फौजी चिचुंद्रीमामा नवीन डाव शिकवतो, म्हणजे इथं सूर दार उघडायला नाहीत, शिकायला आहेत. हां, एक मान्य करतो. सुटा सूर घेताना जी टिपटिप ओळ वाजत जाते, ती घरट्यात राहिली नाही.

बीडहून

'सॉनिक' गेममध्ये वेचायची कडी. हेडफोन लावून ऐका, एक कडी डाव्या कानात वाजते, पुढची उजव्या. टीव्हीला एकच स्पीकर होता तोवर मला हे माहीतच नव्हतं.

लातूरहून

मी पखवाज शिकायलोय. इथं क्लासेसला आलो तेव्हा रूमवर पखवाज आणता आला नाही, पार्टनरच्या लॅपटॉपवर 'रेमन लेजंड्स' मात्र होता, २०१३ चा. त्यातल्या प्रत्येक जगाच्या शेवटी एक संगीताची लेव्हल येते. धावायचं, उडी मारायची, लाथ घालायची, आणि 'लम' नावाचे पिवळे चमकते जीव वेचायचे. हे लम जिथं ठोका पडतो तिथंच मांडलेले असतात. उडी ठोक्यावर पडली तर लमची ओळ आपसूक हाती येते, पाऊण मात्रा जरी मागं राहिलात तर वरचे दोन सुटतात.

खरी परीक्षा शेवटच्या जगात आहे. त्याच लेव्हल परत येतात, पण चित्र बिघडवलेलं. कधी मोठमोठे ठोकळे, कधी खरखर, कधी भिंगातून बघितल्यासारखं वाकडं. पार्टनर चिडून उठायचा. मी पडद्याकडं बघणं कमी केलं आणि मांडीवर ताल धरला. गुरुजी म्हणतात, सम डोळ्यानं शोधायची नसते. तिथं त्याचा अर्थ मला अंगठ्यातून कळला.

छत्रपती संभाजीनगरहून

'साउंड शेप्स' कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. २०१२ चा, प्लेस्टेशनवरचा. मी सेकंडहँड पीएस३ वर खेळले. एक चिकट गोळा असतो, तो भिंतींना चिकटत जातो. पडद्यावर नाणी असतात आणि प्रत्येक नाणं म्हणजे त्या जागेच्या संगीतातला एक स्वर. आत शिरताना नुसता ठेका चालू असतो. नाणं घेतलं की त्याचा स्वर त्यात बसतो आणि फिरून फिरून वाजत राहतो. एखादं सोडलं तर ती जागा रिकामीच फिरते. मला ती रिकामी जागा सहन व्हायची नाही, परत जाऊन घ्यायचेच.

त्यात स्वतःची लेव्हल बनवता येते. नाणं जितकं वर, तितका स्वर उंच. डावीकडून उजवीकडं काळ. आजीची जात्यावरची ओवी मी त्यात मांडली. तीन-चार स्वरांचाच खेळ आहे ओवीचा, पण चौथ्या चरणाला आजी आवाज खाली सोडते तिथं नाणं कुठं ठेवायचं ते जुळेना. ती दोन नाण्यांच्या मधून घसरत येते आणि तिथं नाणं ठेवायला जागाच नाही. शेवटी खालचं नाणं जरा उशिरा ठेवलं. आजीनं ऐकलं आणि म्हणाली, ''पोरी, दळण जाड पडलं, पण चाल माझीच हाय.''

धाराशिवहून

पुतणीसोबत 'सुपर मारिओ ओडिसी' खेळतो. त्यात संगीताचं मोठं वळणदार चिन्ह दिसतं, त्याला शिवलं की सुरांची माळ उमटते आणि वेळ सरायच्या आत सगळी वेचली तर एक चंद्र मिळतो. वेचताना त्याचीच धून वाजत जाते. मधला एखादा राहिला की पुतणी ओरडते, ''काका, गाणं तुटलं!'' ती आकडा बघतच नाही.

अंबाजोगाईहून

सगळं वाचलं. लेक सात वर्षांची आहे, गाते चांगली, गेम कधी खेळली नाही. घरी साधा लॅपटॉप आहे. सुरुवात कशानं करू?

परभणीहून

ताई, 'रेमन लेजंड्स' घ्या. त्यात जीव मोजलेले नसतात, कितीही वेळा मेलं तरी तिथूनच जवळून परत सुरू. दोघींनी खेळता येतं, त्यासाठी गेमचा रिमोट (कंट्रोलर) जोडा. एकजण मेली की तिचा फुगा होतो, दुसरीनं फोडला की परत खेळात. पहिलं जग निवांत होऊ द्या, त्याच्या शेवटी संगीताची लेव्हल येईल. तेव्हा हेडफोन नको, आवाज मोठा ठेवा. तुम्ही मागं राहा, तिला पुढं पळू द्या. लम सुटले तर सुटू द्या, नुसता ठेका धरू द्या. तिला काय ऐकू आलं ते विचारा आणि इथं लिहा.