पिंप, बॅरल आणि तोफेची नळी
'कच्च्या तेलाचं बॅरल म्हणजे आपलं २०० लिटरचं पिंपच ना?' असं एकाने विचारलंय. नाही. ते ४२ अमेरिकन गॅलनचं माप, म्हणजे साधारण १५९ लिटर. १८६०च्या दशकात पेनसिल्व्हेनियात तेल लाकडी पिंपांतून जायचं, तिथून हे माप रूढ झालं. पिंपं गेली, आकडा राहिला!

आपलं 'पिंप' तरी कुठे अस्सल मराठी? ते पोर्तुगीज 'पिपा'वरून आलं.

बंदुकीच्या नळीला इंग्रजीत बॅरल का म्हणतात, याची गंमत तर और आहे. जुन्या काही तोफा लोखंडी पट्ट्या उभ्या जुळवून, त्यांवर तापवलेली कडी चढवून करत; थेट पिंपासारख्या. मराठीने मात्र सरळ 'नळी' म्हटलं, मला तेच आवडतं.